टोपीतला डबा

ईस्टरच्या सुट्टीत नॉर्वेतल्या हार्डांगरच्या डोंगरातल्या हॉटेलात नाश्त्याच्या रांगेत उभी होते. माझ्यापुढे सत्तरीचं एक जोडपं होतं.

“गुनवोर, जरा आडोसा कर. चीजची दोन सँडविचं टोपीत टाकतो.”

“अरे, लोकरीची टोपी ती! चीजला केस लागतील.”

“लागू देत. इथे दुपारी नुसतं सूप प्यायलं तरी खिसा रिकामा होतो. हे वाचवलं तर शनिवारी खिडकीपाशी बसून रेनडिअरचं मटण खाऊ.”

“चोर तो चोर, वर शिरजोर! जा, उकडलेली अंडीही आण.”

तो अंड्यांकडे वळला, तशा नाश्ता मांडणाऱ्या बाई गुनवोरजवळ आल्या.

“ताई, दुपारचा डबा भाड्यातच धरलेला असतो. बांधायला कागद तिकडे ठेवलाय.”

“हळू बोला हो! अकरा वर्षं ठाऊक आहे मला.”

“मग यांना सांगत का नाही?”

“सांगितलं तर त्याला तो गोड लागेल का?”

तो फुगलेल्या खिशांनी परतला.

“काय म्हणत होती ती? पकडलं आपल्याला?”

“संशय आलाय तिला, तुरलाइव्ह. टोपी झाक आणि शीळ घालत चल.”