डोक्यामागच्या भोकांची ओळ

सत्तावन्न साली, सांगवीच्या पलीकडच्या छातीच्या दवाखान्यात, आम्ही व्हरांड्यात भेटीच्या घंटेची वाट बघत होतो. माझ्या बाकावर चाकणकडची एक तरुण बाई होती आणि तिच्याशेजारी चष्मा लावलेल्या कॉलेजातल्या बाई. त्यांच्या मांडीवर एक चपटा दगड होता.

“ताई, दवाखान्यात दगुड कशापायी?”

“भाऊ आत आहे. त्याचाच हा, विलायतेहून आणलेला. दम लागला की हातात धरायला मागतो.”

“मासा हाय व्हय ह्यो? कुनी कोरला?”

“कुणीच नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी चिखलात रुतला आणि त्याचा दगड झाला. ह्याला जबडासुद्धा नव्हता. पण डोक्यामागं ही भोकांची ओळ दिसते? ते कल्ले. त्यांतून पाणी वाहायचं, तोच ह्याचा श्वास.”

“येवढुशा भोकांतनं? हात लावू?”

“लाव की.”

“गार हाय. अजून पान्यातच असल्यागत.”

“पोटातल्या बाळालाही आधी मानेपाशी अशा घड्या असतात. श्वासाच्या नव्हेत. पण त्यांतूनच पुढे जबडा घडतो, कानातली बारीक हाडं घडतात.”

“आधी म्हंजी? दुसऱ्या म्हयन्यात?”

“हो, साधारण तेव्हाच. का गं?”

“आमचं मालक बी आतच हायती. पिंपरीच्या कारखान्यात कामाला लागलं आन् खोकला धरला. उद्या आपरेशन हाय. त्येंना घोर लागंल म्हनून म्या काय बोललेच न्हाई.”

घंटा झाली.

“ताई, ह्यो दगुड वाईच न्यू का? आधी त्येंच्या हातात देते. मंग सांगते.”