सख्ख्या भावाचे शब्द

मी, गुन्वोर हेडलुंड, वय ५८ वर्षे, धंदा पेट्रोल पंपावरील दुकानात नोकरी, रा. स्टूरबेकेन, उत्तर स्वीडन. समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी जन्मापासून राहते. रोल्फ हेडलुंड, वय ६१, हा माझा सख्खा भाऊ. बहिणीवर भावाविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, असे मला सुरुवातीलाच सांगण्यात आले. ते मला समजले.

गावाबाहेर एल्ले ओम्मा, वय अंदाजे ४५, ही इथल्या मूळच्या सामी जमातीची बाई रेनडिअर पाळते. दोन वर्षांपूर्वी रोल्फने तिची तीन रेनडिअर बर्फावर चालणाऱ्या स्नोस्कूटरखाली चिरडली. खटला झाला. सामी लोकांविषयीच्या द्वेषापोटी केले असे शाबीत झाले असते, तर शिक्षा वाढली असती. परंतु त्याला तसे बोलताना ऐकलेला साक्षीदार कोणी आला नाही. दुसऱ्याची जनावरे मारली, एवढ्यावर दंड झाला. त्या दिवशी रोल्फ माझ्याकडे जेवला होता. काय करणार आणि का करणार, ते त्याने जेवताना सांगितले होते. मला कोणी विचारले नाही. मीही सांगितले नाही.

यंदा दि. १४ मार्च रोजी दुपारी दोनच्या सुमारास मी गल्ल्यावर होते. एल्ले डिझेल भरून आत आली. रोल्फ कॉफी घेत उभा होता. तो तिला म्हणाला, "ए लॅपडे, तुझी जात इथून हटेपर्यंत एकेक जनावर असंच जाणार." लॅप असे सामी लोकांना हिणवून म्हणतात. ती डिझेलचे पैसे देऊन निघून गेली. रोल्फने माझ्याकडे बघून विचारले, "काय गं गुन्नी, खोटं बोललो का?" मी काउंटर पुसत होते. पुसत राहिले.

दि. १५ रोजी सकाळी एल्लेच्या कुंपणामागे दोन गाभण माद्या मेलेल्या सापडल्या. स्कूटरची चाकोरी रोल्फच्या शेडपर्यंत गेलेली मी स्वतः पाहिली. मी एल्लेकडे गेले. तक्रार दिलीस का, असे विचारले. ती म्हणाली, "मागच्या खेपेला पोलिसांना सहा वेळा सांगितलं, गुन्वोर. दर वेळी तेच, तो तसं म्हणाला कशावरून? आता माझ्यात जीव नाही. तू ऐकलंयस, तूच सांग." ती रागावलेली नव्हती. तिने मला कॉफी दिली.

काल रोल्फचा फोन आला. मी इथे पोलीस ठाण्यात जबाब द्यायला येणार हे त्याला कळले होते. तो म्हणाला, "आई असती तर तिनं तुझं तोंड पाहिलं नसतं." मी म्हणाले, आईसुद्धा सामी लोकांना लॅपच म्हणायची, आणि आपण दोघे हसायचो. त्यावर त्याने फोन ठेवला.

जबाब मला वाचून दाखवला. रोल्फच्या बोलण्याच्या जागी 'अपशब्द वापरले' एवढेच लिहिले होते. त्यावरून न्यायाधीशांना काहीच कळणार नाही, म्हणून ते खोडून त्याचे शब्द जसेच्या तसे घालायला मी सांगितले. ते मला पुन्हा दोनदा उच्चारावे लागले. आता जबाब मी बोलले तसाच आहे. खाली सही करते.