खिडकीखाली अडकलेला फरशीवाला

नाही, मला एक सांगा, माझा गुडघा दुखत असेल तर तो माझा ना? मग तो असा सार्वजनिक कधी झाला, की येणारा-जाणारा त्याच्यावर बोलून जातो! तुम्हाला सांगतो, मी फरशी बसवणारा माणूस. लोक खुर्चीवर बसून पोट भरतात, मी लोकांच्या न्हाणीघरात गुडघ्यांवर बसून भरतो. उभं आयुष्य असंच गेलं, आता 'उभं' आपलं म्हणायला! आणि या हिवाळ्यात गुडघ्यांना कंठ फुटला. उठताना कट्, बसताना कट्, आणि जिना चढायला लागलो की शेजारीण दार उघडून विचारणार, "कोण अक्रोड फोडतंय?"

झालं, घरात सल्ल्यांचा नुसता पूर! बायको म्हणाली, "कॅल्शियम." सासूबाई फोनवरून, "जावईबापू, माशाच्या तेलाच्या गोळ्या घ्या, आमच्या शेजारणीचे सासरे आता सायकल चालवतात!" मेव्हणा तर डबाच घेऊन आला, "दाजी, पावडर आहे, दुधातून घ्या, सांधे कसे लोण्यासारखे होतात बघा!" अरे बाबा, लोण्याचे सांधे घेऊन मी उभा कशावर राहू? औषधाच्या दुकानातला माणूस मला रस्ता ओलांडताना पाहिलं की फळीवरची बाटली काढूनच ठेवतो! गुडघा माझा, मत सगळ्यांचं!

आणि मी... मी काय करणार? सगळं घेतलं! कोणाला नाही म्हणायचं? सकाळी मूठभर, रात्री मूठभर, वर ती पावडर. गुडघ्याचं राहू द्या, आधी ढेकर सुरू झाले. माशाचे! कामावर जायला निघालो की गल्लीतली मांजरं मागे, अशी ओळीने, जशी काय माझी मिरवणूक निघालीये...

तर अशात एका बाईंचं न्हाणीघर हातात घेतलं. शाळेत कवायत शिकवायच्या, आता निवृत्त. पण आवाज निवृत्त झालेला नाही! "मिस्त्री, दारात उभं राहिलं की अख्खी फरशी दिसली पाहिजे, कापलेला तुकडा दिसता कामा नये." म्हटलं, ठीक आहे, मग दारापासून सुरुवात करतो आणि तुकडे पलीकडे खिडकीखाली घेतो. आता तुम्ही म्हणाल, दारापासून सुरुवात केली तर हा बाहेर कसा येणार? अहो, खिडकीतून! ठेंगणी खिडकी, पलीकडे अंगण, शेवटचा तुकडा बसवला की पाय टाकून बाहेर. आजवर असंच करत आलोय.

काम इतकं सुरेख उतरलं म्हणून सांगू! ओळीत ओळ, रबरी हातोड्याने हलकेच ठोकून, अगदी आरशासारखं. मी खिडकीखालच्या कोपऱ्यात, शेवटचा तुकडा तेवढा हातात, पुढे सगळी ओली फरशी. उठायला गेलो... कट्. आणि उठलोच नाही! गुडघा जो अडकला तो अडकलाच. पुढे पाय टाकावा तर फरशी जाते, मागे खिडकी, पण तिच्यात चढायला आधी उठायला नको का? खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा भीती वाटली. म्हटलं, संपलं आपलं काम. हात अजून सरळ रेघ ओढतात, आणि गुडघ्यांनी राजीनामा दिला!

आणि तेवढ्यात ढेकर आला.

दारातून बाईंचं मांजर! नाक वर, मिशा ताठ, थेट माझ्या दिशेने, ओल्या फरशीवरून! मी "शूक शूक" करतोय, ते "म्याव" करतंय, जशी काय आमची जुनी ओळख! आवाज ऐकून बाई धावत आल्या.

"मिस्त्री, तुम्ही बसून का राहिलात?"

"आवडतं मला!" काय सांगणार?

"गुडघा?"

"हो."

"तरी मी म्हणणारच होते..." बघा! इथेही! गुडघा माझा, मत सगळ्यांचं!

पण बाई वळसा घालून अंगणात गेल्या, खिडकीतून डोकं आत, आणि सुरू, "घाबरायचं नाही! उठण्याची घाई नाही! आधी बसा. पाय हळूहळू भिंतीच्या कडेने लांब करा. घोटा फिरवा. असा नाही, वर्गात मागे बसणारी मुलं फिरवतात तसा नाही, नीट फिरवा! आता मांडी घट्ट करा, सोडा. घट्ट, सोडा. श्वास कोणी बंद करायला सांगितला?" मी घट्ट-सोड, घट्ट-सोड, मांडीवर मांजर, आणि काय सांगू, जरा वेळाने काहीतरी सैल झालं. बाईंनी खिडकीतून एक स्टूल आत सोडलं, ते धरून उठलो, खिडकीत टेकलो, स्टूल बाहेर दिलं, वाकून तुकडा बसवला, तेवढा स्वाभिमान होता, आणि पाय टाकून बाहेर. लहान मूल पाळण्यातून काढावं तसं बाईंनी मला काढलं!

दुसऱ्या दिवशी त्यांनीच डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी गुडघा वाकवला, रक्त तपासलं, आणि मी नेलेली डब्यांची पिशवी टेबलावर ओतली. "हे सगळं एकदम घेता? अहो, यातल्या निम्म्या डब्यांत तेच तेच आहे! ड जीवनसत्त्व तुमचं खरंच कमी आहे, तेवढं मी लिहून देते. बाकीचं बंद. पोट जरा कमी करा, रोज चाला, मांडीचा व्यायाम करा, गुडघ्याखाली जाड गादीचे पट्टे बांधा, आणि एकाच ठिकाणी तासन्‌तास बसू नका." म्हटलं, बस्स? माझ्या घरच्यांनी तर एवढ्यासाठी अख्खं कपाट भरलंय!

पण केलं. हट्टाने केलं. संध्याकाळी बायकोबरोबर चालायला जायला लागलो. लग्नानंतर इतकं बोललो नव्हतो आम्ही! कामावर मध्येमध्ये उठतो, पाय ताणतो, बुटकं स्टूल जवळ ठेवतो. मांजरांनी मात्र माझ्याशी संबंध तोडले. आणि खरं सांगतो, आता बरं आहे. अगदी बरं. परवा पुन्हा गुडघे टेकले, फरशीवर हात फिरवला, थंडगार, गुळगुळीत, आणि मनात म्हटलं, अजून आहोत हो आपण!

तर ही चूक झाली. घरी येऊन हे मोठ्याने बोललो!

संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन, "दादा, गुडघे बरे झाले म्हणे? मग आमची गच्ची कधी करतोस?" लगेच मेव्हणा, "दाजी, पुढची खोली तेवढी!" सासूबाईंनी तर स्वयंपाकघराची फरशी उखडूनच ठेवली होती! मी पटकन खुर्चीत बसलो, गुडघा धरला आणि विव्हळलो, "आई गं..."

बायकोने माझ्याकडे नीट बघितलं. "परत म्हणा."

"आई गं!"

"नाही हो," ती म्हणाली, "आता जमत नाही तुम्हाला," आणि सिमेंटची थापी माझ्या हातात दिली.