पाच पानांचा फॉर्म आणि मामांचं ‘मागं घ्या’

...न्हाई पन मी म्हनतो, पुढचं पान भरायला मागची पानं पुसायची काय गरज हुती? नाव घातलं, गाव सोनई घातलं, उंची घातली, जिराईत-बागाईत घातली, आन बघतो तर काय... पान कोरं!

तुमाला सांगतो, गेल्या साली, अठ्ठ्यान्नवला, कुनीतरी आमच्या आबासाहेब मामांच्या कानावर घातलं की आता इंटरनेटवर लग्नं जमत्यात. मी कानिफनाथ, वय एकतीस, पाच ठिकानी नकार घेतलेला. धाकट्या भावाचं ठरलेलं, पन माझं झाल्याबिगर त्याच्या डोक्यावर अक्षता पडायच्या न्हाईत, हा घरचा नियम. ते पोरगं रोज जेवताना माझ्याकडं असं बघायचं की घास उतरायचा न्हाई. म्हनून मामांनी मला धरलं आन नगरला नेलं, सायबर कॅफेत.

तिथं लग्नाचा फॉर्म टाईप करायला पूजा नावाची मुलगी. मी सांगायचं, तिनं बडवायचं. दोन पानं झाली, तिसऱ्यावर जमीन आली, तेवढ्यात मामा म्हनले, “थांबा. पहिल्या पानावर आजोळ कोपरगाव लिवलं का? मागं घ्या.”

पूजा म्हनली, “मामा, मागं घेतलं की सगळं जातं.”

“जातंय कुठं? आत्ता तर लिवलं.”

अहो, ह्या मानसानं उभा जन्म कागदावर बायोडाटे केले, राहिलेलं समासात बारीक अक्षरात घुसडायचं ही त्यांची रीत, त्यांना कोन समजावनार? घेतलं मागं... पान कोरं.

पुन्हा भरलं. चौथ्या पानापर्यंत आलो, तर मामा, “चुलते किती ते राहिलं. मागं घ्या.” कोरं! आन खोटं तरी दर खेपेला किती ध्यानात ठेवायचं? पहिल्यांदा उंची पाच फूट सहा इंच सांगितली, मग पाच इंच, चौथ्या खेपेला खरी आली, पाच फूट तीन. अपेक्षेत आधी गोरी, उंच, नोकरीवाली, असं लई कायकाय हुतं. चौथ्या खेपेला मीच म्हनलो, लिवा, जी हो म्हनंल ती. पूजा ओढनीत तोंड घालून हसली, पन बोटं थांबली न्हाईत. तवर तिला माझं सगळं पाठ झालं हुतं, मी तोंड उघडायच्या आत तिचं टाईप व्हायचं.

आन एकेक पान उघडायला चहा गार व्हायचा एवढा टाईम. मामा गप बसत्यात व्हय? “पोरी, कुनाची गं तू?” केडगावची. “आडनाव? आजोळ कुठलं? भाऊ किती? शिक्षान?” ती टाईप करता करता सांगत हुती, मामा मान हालवत हुते. एक सवाल दुसऱ्यांदा विचारला न्हाई बरं का!

पाचव्या खेपेला पाचवं पान आलं. आता नुसतं एक बटन दाबायचं... आन लाईट गेली. मला तर रडूच आलं, खरं सांगतो.

मामा शांत उठले. म्हनले, “राहू दे ते यंत्र. पोरीचं सगळं माझ्या ध्यानात हाय.” आन तिला विचारलं, “वडील घरी कधी असतात गं? आमचा पोरगा चालंल का तुला?”

पूजा लाजली-बिजली न्हाई. म्हनली, “संध्याकाळी असतात. पण उंची चौथ्या वेळची धरायची ना?”

झालं लग्न. दोघा भावांचं एकाच मांडवात. मी म्हनलं सुटलो. पन तुमाला सांगतो, यंत्र परवडलं, ते विसरतं तरी. काल जेवताना नुसतं म्हनलो, आमटीत मीठ कमी हाय. हातातला डाव खाली न ठेवता पूजा म्हनली, “तिसरी खेप, चौथं पान. स्वभाव : जेवणाची कसलीही तक्रार नाही.”

काय करता... अजून एक वाटी वाढून घेतली.