नुसता पाला

सून : हलू नका आई. केसांत काहीतरी आहे.

सासू : या वयात उवा? शोभतं का मला?

सून : ऊ नाही. हिरवं आहे, बारीक. आणि एकटंदुकटं नाही, पुंजकाच आहे.

सासू : माझ्या तळहातावर ठेव बघू. हं. मावा आहे हा.

सून : मावा झाडांवर पडतो, आई.

सासू : कोवळ्या पाल्यावर पडतो. झाडाला खत जास्त झालं की पाला लुसलुशीत होतो, आणि हा तिथे जेवायला बसतो. माझ्या केसांत त्याला काय दिसलं, ते तू सांग.

सून : केस छान दाट झालेत तुमचे हल्ली. पलीकडच्या बाई विचारत होत्या, कुठलं तेल लावता म्हणून.

सासू : कमरेपर्यंत आलेत. काळेभोर. लग्नातसुद्धा एवढे नव्हते. गेल्या थंडीत माझ्या डोक्यावर मुठीत मावेल एवढा पांढरा कापूस होता, आणि आता तू दोन-दोन वेण्या घालतेस. नखं तर कालच कापलीस ना?

सून : आज पुन्हा कापते. प्रकृती सुधारतेय म्हणाले ना डॉक्टर.

सासू : डॉक्टर म्हणाला, प्रकृती उत्तम आहे, फक्त उभ्या राहू नका. कारण उभी राहिले की मी वाकते. पडत नाही, वाकते. त्याने माझं मनगट दाबलं तर बोटाचा खळगा तसाच राहिला. मग बराच वेळ तो स्वतःच्या बोटाकडे बघत बसला आणि फी न घेता गेला. असा डॉक्टर तू पाहिलायस?

सून : जेवत नाही तुम्ही नीट. अशक्तपणा आहे तो.

सासू : जेवायची वेळ झालीच आहे. पडदा सार.

सून : डोळ्यांवर ऊन येईल.

सासू : तेच म्हणतेय. उन्हात बसले की पोट भरतं माझं. ढग आले की भूक लागते. सार. आता तो वाफा बघ. काय दिसतं?

सून : हिरवागार आहे.

सासू : तुझ्या खांद्याला लागलाय. कंबरेच्या वर गेलेला अ‍ॅस्टर मी जन्मात पाहिला नाही. त्यात निम्मे आडवे पडलेत. आणि कळी?

सून : येईल. यंदा हवाच वेगळी आहे.

सासू : फक्त आपल्या कुंपणाच्या आतली? गल्लीभर अ‍ॅस्टर फुलून गेले. शेवंतीसुद्धा संपत आली. अगं, ही उशिरा फुलणारी झाडं. यांना हंगामाच्या सुरुवातीला एकदा पोटभर शेणखत द्यायचं आणि मग हात आखडायचा. जरा उपाशी राहिली की त्यांना फुलायची आठवण होते. खायला मिळतच राहिलं तर कशाला फुलतील? नुसता पाला वाढवत बसतात. युरिया कोण घालतंय?

सून : मला काय ठाऊक.

सासू : फोनवर गिऱ्हाइकांना थापा मारतेस ना, तेव्हा आवाज असाच गोड होतो तुझा.

सून : घालते. मूठभर.

सासू : का?

सून : तुम्हाला माहीत आहे.

सासू : मला माहीत आहे. पण तुझ्या तोंडून ऐकायचंय. म्हणजे मला वेड लागलेलं नाही, एवढं तरी कळेल.

सून : तुमच्या सासूबाई गेल्या, त्या सकाळी पहिला अ‍ॅस्टर उमलला होता. मामंजींच्या वेळी तर फूल मीच पाहिलं. त्यांना सांगायला आत गेले, तर सांगायला कुणी नव्हतं. मग आत्याबाई.

सासू : ती बिचारी पाहुणी. म्हणाली, एवढी फुलं बघून जाते.

सून : गेल्याच.

सासू : बॅगसुद्धा उघडली नव्हती.

सून : यंदा तुम्ही आजारी पडलात, तेव्हा वाफ्यात कळ्या धरायला लागल्या होत्या. तुम्ही शुद्धीत नव्हता. मी सगळे शेंडे खुडले आणि युरिया टाकला. नवा पाला फुटला, आणि तुम्ही उठून बसलात. उठून बसल्यावर पहिलं काय म्हणालात, आठवतं? माझ्या अंगाला कापलेल्या गवताचा वास येतोय.

सासू : अजून येतो. तू नाक दुसरीकडे वळवतेस, मला दिसत नाही असं नाही. कोण आलं? दार वाजलं.

मुलगा : मीच. आई, तिला सांग, मागच्या दाराची किल्ली हवीय.

सासू : ती इथेच बसलीय. ऐकू येतं तिला.

मुलगा : हो. पण सांग.

सासू : अगं, त्याला किल्ली हवीय.

सून : त्यांना सांगा, खिळ्याला आहे.

सासू : खिळ्याला आहे. कशाला हवीय रे?

मुलगा : जरा हवा खायला.

सासू : हातातल्या पुडीत काय आहे? हवा? अरे देवा. तूसुद्धा?

मुलगा : सुद्धा म्हणजे?

सून : आई, त्यांना विचारा, किती घालतात.

मुलगा : आई, तिला सांग, मी औषधांच्या दुकानात बसतो. मापाशिवाय काही देत नाही. बादलीभर पाण्यात चमचाभर, दर रविवारी.

सून : सांगा, मी मूठभर घालते. रोज.

मुलगा : रोज! आई, तिला सांग, झाडं जळतील!

सासू : झाडं जळत नाहीत, माजलीत. दोघांपैकी एकाने जरी दुसऱ्याला विचारलं असतं, तरी निम्म्यावर भागलं असतं माझं. इकडे ये. केसांत बघ.

मुलगा : काय आहे हे?

सासू : मावा. काल एक गोगलगाय पलंगाच्या पायावरून वर चढत होती. मी तिच्याकडे बघत होते, ती माझ्याकडे. आणि खरं सांगू? मला तिची भीती वाटली. माणसाला गोगलगायीची भीती वाटू नये रे. मी खोकले की तिकडे वाफा हलतो, वारा नसला तरी.

मुलगा : परवा मी एक शेंडा तोडला, तेव्हा तू आतून किंचाळलीस. मला वाटलं, तुझा पाय मुरगळला असेल.

सासू : पलंगावर पडल्या पडल्या?

मुलगा : मला तसं वाटून घ्यायचं होतं.

सासू : एवढा जीव आहे तुमचा माझ्यावर, हे मला आजारी पडेपर्यंत माहीत नव्हतं.

मुलगा : असं का बोलतेस?

सासू : कारण मी कशासाठी हवीय, ते मला माहीत आहे. फाटकाला हिरवा रंग द्यायचा की तपकिरी, एवढ्यावरून तुम्ही बोलणं टाकलंत. ते फाटक गंजून पडलं, त्या जागी आता दोरी बांधलीय, आणि तुम्ही अजून माझ्यामार्फतच बोलता. मी आई नाही या घरात. टेलिफोन आहे.

सून : तुम्ही गेलात की या घरात आम्ही दोघंच उरू.

सासू : नवरा-बायको साधारण तेवढेच असतात.

सून : चेष्टा नका करू. ऑफिसात अनोळखी माणसाने शिव्या घातल्या तरी मी म्हणते, आपला दिवस छान जावो. आणि इथे मला, मीठ द्या, एवढं म्हणता येत नाही. तोंड उघडते आणि आत काहीच नसतं. भीती वाटते मला.

मुलगा : आई, तिला सांग, मलाही.

सासू : हे मी सांगणार नाही.

मुलगा : सांग ना.

सासू : नाही. ऐका दोघं. मला मरायची हौस आलेली नाही. पण हे जगणं नाही, हा पाला आहे. काल मी तुझ्या वडिलांचं नाव आठवत होते. दिवसभर आठवत होते. आलंच नाही. पाऊस कधी येणार, ते मात्र तळपायांना अचूक कळत होतं. आतलं एकेक निघून चाललंय आणि वर केस वाढतायत. आज तुमची नावं आठवतायत मला. उद्याचं सांगता येत नाही. आठवतायत तोवर मला जाऊ द्या.

सून : माझ्या हातून नाही होणार ते.

सासू : तुला करायचं काहीच नाही. न करणं जमवायचंय. मूठ मिटून ठेव, झालं.

मुलगा : पण मातीत मुरलेलं आहे ते. कळी धरण्यासाठी हाडांचा चुरा घालतात ना?

सासू : हाडांचा विषय माझ्यासमोर नको. भरपूर पाण्याने वाफा धुऊन काढा. आणि आडव्या पडलेल्यांना काठ्या बांधा. एकाने काठी धरायची, दुसऱ्याने सुतळी बांधायची. एकट्याने होत नाही ते काम. मुद्दाम सांगतेय.

(काही आठवड्यांनंतर. मागच्या अंगणात, वाफ्यापाशी. आईंच्या खोलीची खिडकी उघडी आहे.)

मुलगा : आई! तिला सांग, काठी सरळ धर म्हणावं.

सून : आई! त्यांना सांगा, सुतळी आवळू नका, देठ कापला जातोय.

मुलगा : आई? अगं आई!

सून : उत्तर नाही यायचं. सकाळपासून देत नाहीयेत.

मुलगा : झोपलीय?

सून : जाग्या आहेत. वेणी घालताना केस हातात आले सगळे. खालून पांढरे निघाले. मला म्हणाल्या, आता हाका मारू नका. मी नुसतं ऐकत पडणार आहे.

मुलगा : तू माझ्याशी बोलतेयस.

सून : काठी जड आहे. लवकर बांधा.

मुलगा : हे बघ.

सून : कुठे?

मुलगा : इथे, पानांच्या बेचक्यात. जांभळं टोक.

सून : किडकं पान असेल.

मुलगा : नाही. कळी आहे. कात्री तुझ्याकडेच आहे ना?

सून : आहे.

मुलगा : एकच कळी आहे. खुडली तर कुणाला कळायचं नाही.

सून : त्यांना कळेल.

मुलगा : हो. दुखेल तिला.

सून : पहाटे मामंजींचं नाव आठवलं त्यांना. मला उठवून सांगितलं. मग किती तरी वेळ तेच घेत होत्या, हळूच, कुणाला हाक मारावी तसं. आणि खोलीत वारा नव्हता, पण मामंजी बसायचे त्या खुर्चीवरची शाल खाली पडली.

मुलगा : तू काय केलंस?

सून : उचलून पुन्हा ठेवली.

मुलगा : कात्री राहू दे.

सून : राहू दे.

मुलगा : उमलायला किती वेळ लागतो?

सून : थंडीवर असतं. फार नाही.

मुलगा : तोवर आपण काय बोलायचं?

सून : काहीही. त्या ऐकतायत.

मुलगा : मला काही सुचत नाही.

सून : मलाही.

मुलगा : गार वाटतंय का तुला?

सून : वाटतंय, जरा. तुम्ही सावकाश गाठ मारा. मी धरलंय.