खुंट्यावरचं जाळं

माझं माहेर डोंबिवलीच्या खाडीकाठचं आणि लग्न झालं ते ठाण्याच्या कोळीवाड्यात, म्हणजे एका चिखलातून उठून दुसऱ्या चिखलात आले, एवढंच. चौथीपर्यंत शिकले, मग आई म्हणाली बस झालं, टोपली धर. तुम्ही लिहून घेताय म्हणून सांगते, नाहीतर मी कुणाशी फारशी बोलत नाही, बाजारात बसले तरी गिऱ्हाईक भाव विचारून विचारून थकतं.

ओहोटी लागली की आम्ही बायका चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला चिखलात उतरतो. आमच्यात प्रत्येकीची जागा ठरलेली. खुंटा रोवायचा आणि त्याला घरच्या जुन्या जाळ्याचा तुकडा बांधायचा, गाठीवरून घर ओळखू येतं. जाळं नसलं की जागा मोकळी, कुणीही घ्यावी. माझ्या खुंट्याला सासूने बांधलेलं जाळं होतं, सासू गेल्या तरी ते होतं. शेजारची जागा माझ्या थोरल्या जावेची, यमुनाबायची. तिचा डोळा माझ्या जागेवर, कारण चिंबोऱ्यांची बिळं माझ्याकडे जास्त. तोंडावर म्हणायची, तुझं जाळं कुजलं गं, एखाद दिवशी वाहून जाईल बघ. मी जाऊन नवी दोरी मारून यायचे.

पूर्वी लोक जळणाला खाडीतली तिवराची झाडं तोडायचे, ट्रक येऊन राडारोडा टाकायचे, आणि गुलाबी पाखरं यायची ती थोडी, लांबच उभी राहायची. मग तोडायला बंदी आली, फॉरेस्टची माणसं फिरायला लागली, तिवरं वाढली, आणि पाखरं दरवर्षी पुढे पुढे येत आमच्या खुंट्यांपर्यंत आली. त्यांना रोहित म्हणतात, मुलं फ्लेमिंगो म्हणतात. फॉरेस्टचा साहेब सांगून गेला, मावशी, ही जाळी काढा, पाय अडकतात त्यांचे. सगळ्या हो म्हणाल्या. काढलं कुणीच नाही, काय सांगू तुम्हाला, काठावर उभ्या राहून एकमेकींना म्हणायच्या, तू काढ आधी, मग मी काढते.

आणि अडकलं ते माझ्याच जाळ्यात. सकाळची ओहोटी, बाकीची पाखरं उडाली, हे एकच पंख आपटत राहिलं, काडीसारखा पाय आणि त्याला माझ्या सासूची गाठ. सोडवायला गेले तर ती आवळतच जाई. यमुनाबाय बघत होती, ती आली, म्हणाली, अगं चोच मारेल, मान मी धरते, तू पाय बघ. तिने पदराने त्याचं डोकं झाकलं, तसं ते जरा निवांत झालं. मी कोयता काढला. ती म्हणाली, सगळं नको सोडू, पायाजवळचं तेवढं काप. जागेवर डोळा तिचा, आणि तीच असं का म्हणाली, मला कळलं नाही. पायाजवळचं कापलं, पण उरलेल्यात उद्या दुसरं अडकेल, म्हणून खुंट्यावरचंही सोडलं आणि टोपलीत टाकलं. पाखरू लंगडत धावलं आणि उडालं.

जाळं काढलं म्हणजे जागा मोकळी झाली, म्हणून दुसऱ्या दिवशी मी जाणारच नव्हते. पण घरात बसून खाणार काय, म्हणून गेले. यमुनाबाय आधीच उतरलेली, हातात जाळ्याचा तुकडा. मनात म्हटलं, संपलं, आता बांधणार माझ्या खुंट्याला. ती सरळ माझ्याकडे आली आणि तो तुकडा माझ्या टोपलीत कोंबला, तिचाच होता, तिच्या खुंट्यावरून सोडलेला. मग माझ्या बिळांना वळसा घालून आपल्या जागी जाऊन बसली. म्हणाली, बघतेस काय, ओहोटी काय तुझ्यासाठी थांबणार आहे?

मग बाकीच्यांनीही जाळी काढली. आता खुंटे नुसतेच उभे आहेत, तरी कोण कुठे ते सगळ्यांना माहीत आहे. चिंबोऱ्या कमी झाल्यात, होतात तेवढ्या धरायच्या. यमुनाबायचे गुडघे गेले, ती येत नाही. तिच्या जागेवर मी बसत नाही, दुसरंही कुणी बसत नाही, तिथे पाखरं चरतात. घरी आले की ती विचारते, माझ्या जागेवर कोण होतं आज? मी सांगते, पाखरं होती, बाय. ती म्हणते, चरू देत.

चरू देत.