मोशेहा कुठाय?

...आणि वर भाऊ मलाच विचारतोय, "ताई, मोशेहा कुठाय?" अरे, मला काय विचारतोस, मी काय खिशात घालून आणलीय? तुम्हाला सांगते, आमच्या सांता फे प्रांतात रविवारी निखाऱ्यावर मोशेहा नसली ना, तर पाहुणे जेवले असं कुणी धरतच नाही! वासराच्या गळ्यातली मऊ, पांढरी ग्रंथी ती. लोक लिंबू पिळून खातात, आणि मी गुरांची डॉक्टर, जन्मभर तीच सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली बघते... थायमस म्हणतो आम्ही.

तर त्या दिवशी भाचीच्या लग्नाची बोलणी. मुलगा कुणाचा? एव्हारिस्तोचा! माझ्या भावाचा, म्हणजे मुलीच्या बापाचा, अन्सेल्मोचा, लंगोटीयार. वासरू भावाचं, सुरी एव्हारिस्तोची, नेहमीसारखी. गळा उघडला... आणि आत काहीच नाही! भाऊ सगळ्यांदेखत ओरडला, "मोशेहा कुठाय? घरी पाठवलीस ना बायकोकडे?"

झालं! एव्हारिस्तोनं सुरी पुसली, मुलाचा दंड धरला आणि चालता झाला. भाची आत रडतेय, निखारे बाहेर विझतायत.

मी वासराच्या गळ्यात हात घालून चाचपलं. होती हो! सुतळीएवढी, वाळलेली. म्हटलं, "अन्सेल्मो, वासरू आजारी होतं?" तर म्हणे, "होता थोडा ताप... महिनाभर." महिनाभर! थोडा!! अरे, ही शरीराची शाळा असते. रक्तातले कोवळे शिपाई इथं शिकतात, आपलं कोण, परकं कोण. मोठा संसर्ग झाला की शरीर सगळं बळ लढाईत ओततं, शाळा ओस पडते, पोरं वर्गातच मरतात, काही अर्धवट शिकून बाहेर पडतात. नशीब चांगलं असेल तर ताप गेल्यावर शाळा परत भरते. पण भावाचं आपलं एकच, "म्हणजे मोशेहा नाहीच?"

शेवटी मीच ती सुतळी ताटलीत घेऊन एव्हारिस्तोकडे. हे सगळं परत सांगितलं. तो माते, आमचा कडू पाल्याचा चहा, पीत ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "डॉक्टरीणबाई, आपलं कोण, परकं कोण, तेच कळेनासं होतं म्हणता? मग ताप अन्सेल्मोलाही असणार."

मला रडूच आलं हो. इतकी वर्षं काच पुसतेय, आणि हे माझ्या डोक्यात नाही आलं!

हे सांगितलं, तेव्हा भाऊ गेला माफी मागायला. लग्न ठरलं. एव्हारिस्तो पुढच्या रविवारी आला, धडधाकट वासरू कापलं, पण कापताना प्रत्येकाला बोलावून दाखवलं, "बघा, ही इथं आहे, नीट बघून घ्या!" भाजली, लिंबू पिळलं, आणि पहिला तुकडा, सगळ्यात मोठा, अन्सेल्मोच्या ताटात. "घे, मित्रा."

तेव्हापासून दर रविवारी हेच. पहिला तुकडा त्याचा. आणि आमचा अन्सेल्मो चावतोय, चावतोय, मान खाली, डोळ्यांत पाणी... आता कुणी विचारलंच मला, मोशेहा कुठाय, तर सांगते, आहे की. त्याच्या घशात अडकलीय!